मिडीचा ठोका ड्रमरच्या ठोक्यावर कसा बसवायचा

मित्राच्या बँडचं एक गाणं माझ्याकडे मिक्सिंगला आलं होतं. ड्रम एका फ्लॅटच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेले, तेही क्लिक (कानात वाजणारी लयीची टकटक) न लावता. वाजवलं होतं झकास, पण किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, आवाज म्हणजे रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारावी तसा. अशा वेळी सगळे जे करतात तेच ठरलं: ड्रमरनं जिथे जिथे किक मारली आहे, तिथे तिथे दुसरी, चांगल्या खोलीत चांगल्या माइकनं रेकॉर्ड केलेली किक वाजवायची. बँडमधल्याच एकानं त्याच्या कॉम्प्युटरवर बसून प्रत्येक ठोक्याची मिडी नोट (कॉम्प्युटरला वाजवता येईल अशी त्या ठोक्याची नोंद) काढली आणि फाइल पाठवून दिली. मी ती मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या माझ्या प्रोजेक्टमध्ये टाकली आणि प्ले केलं. पहिल्या चार मात्रा अगदी बरोबर. मुखडा संपेपर्यंत दोन किक वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. अंतऱ्यात तर दोन ड्रमर एकमेकांशी भांडतायत असं वाटत होतं.

मी काय केलं, तर मिडी पकडून उजवीकडे ओढली. अंतरा जुळला, मुखडा बिघडला. मग मुखड्यापाशी कापली आणि तुकडे वेगवेगळे सरकवले. रात्री दोन वाजता माझ्याकडे एकोणीस तुकडे होते आणि त्यातला एकही नीट बसलेला नव्हता.

तेव्हा कळलं नाही ते आता सांगतो. मिडी किती चुकते आहे हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं की ती कशी चुकते आहे. गाण्यातले तीन ठोके निवडा: एक सुरुवातीचा, एक मधला, एक शेवटचा. तिन्ही ठिकाणी झूम करून मूळ किक आणि नवी किक यांच्यातलं अंतर मोजा. तिन्हीकडे अंतर सारखंच असेल तर तो एक रोग. वाढत जात असेल तर दुसरा. कधी पुढे, कधी मागे, कशाचाच मेळ नाही, असं असेल तर तिसरा. तिघांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की माझ्यासारखे एकोणीस तुकडे होतात.

माझं अंतर वाढत जात होतं. का, ते समजायला मिडी म्हणजे नक्की काय हे थोडं बघावं लागेल.

मिडीमध्ये आवाज नसतो. कुठल्या मात्रेला, कुठला ड्रम, किती जोरात, एवढीच माहिती असते. आपल्याकडे तबल्याचे बोल लिहितात ना, तसंच. वहीत तीनतालाच्या सोळा मात्रा लिहिल्या असतात, पण नवव्या मात्रेचा 'धा' सुरुवातीपासून किती सेकंदांनी येणार हे वहीत कुठेच नसतं. विलंबित लयीत तो केव्हा येईल आणि द्रुत लयीत केव्हा, हे वाजवणारा ठरवतो. मिडीचंही तसंच आहे. रेकॉर्ड केलेल्या ऑडिओला मात्र मात्रा ठाऊकच नसतात. त्याला फक्त घड्याळ कळतं. दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे, एकामागून एक, बस. ऑडिओ घड्याळावर चालतो आणि मिडी लयीवर, आणि दोघांना एकाच पडद्यावर एकाखाली एक बघून आपल्याला वाटतं की ते एकत्र चालले आहेत. प्रत्यक्षात त्यांना बांधणारी एकच दोरी असते, ती म्हणजे प्रोजेक्टचा टेम्पो, मिनिटाला किती मात्रा तो आकडा.

ज्यानं मिडी काढली त्याच्या प्रोजेक्टचा टेम्पो होता ९३. मी गाणं ऐकत बोटानं टॅप करून काढला होता ९३.४. मिडी फाइल टाकताना सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, की फाइलमधला टेम्पोही घेऊ का? मी रुबाबात 'नको' म्हणालो, कारण माझा टेम्पो मी आधीच काढलेला होता ना!

आता हिशेब बघा. ९३ च्या टेम्पोत एक मात्रा ६४५.१६ मिलिसेकंदांची, ९३.४ मध्ये ६४२.४० ची. फरक मात्रेमागे पावणेतीन मिलिसेकंद. चार मात्रांनंतर ११ मिलिसेकंद, जे बहुतेकांना ऐकूच येत नाही. सोळा मात्रांनंतर ४४, म्हणजे दोन ठोके सुटे. शहाण्णव मात्रांनंतर पाव सेकंदाहून जास्त. चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी पूर्ण एक सेकंद. ०.४ हा आकडा दिसायला किती निरुपद्रवी!

यावर उपाय सरकवणं नाही. मूळ टेम्पो टाकायचा, आणि मिडी ऑडिओवर नीट बसली की तिला घड्याळाला बांधून टाकायचं, म्हणजे पुढे कोणी टेम्पोला हात लावला तरी ती हलणार नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, फक्त प्रत्येकानं तिला वेगळं नाव दिलंय. रीपरमध्ये ट्रॅकचा टाइमबेस 'टाइम' करायचा. क्यूबेसमध्ये ट्रॅकवरचं सुरांच्या खुणेचं बटण दाबून घड्याळ आणायचं, त्याला ते लिनिअर म्हणतात. प्रो टूल्समध्ये ट्रॅक 'टिक्स' वरून 'सॅम्पल्स' वर न्यायचा. लॉजिकमध्ये रीजनची (मिडीच्या तुकड्याची) एसएमपीटीई, म्हणजे घड्याळातली, जागा लॉक करायची. एबलटनमध्ये मात्र मिडी कायम मात्रांनाच बांधलेली असते, तिथे उलटा विचार करावा लागतो. शिवाय तिथे लांब ऑडिओ फाइल टाकली की 'वॉर्प' आपोआप चालू होऊ शकतं, म्हणजे ड्रमरचं रेकॉर्डिंगच नकळत ताणलं किंवा आवळलं जातं. एबलटनवाल्यांनी आधी तो दिवा बंद आहे का बघावं.

वाढत्या अंतराचं दुसरं एक कारण आहे, जे टेम्पो कितीही तपासला तरी सापडत नाही. ऑडिओ एका मशीनवर आणि मिडी दुसऱ्या मशीनवर एकाच वेळी रेकॉर्ड केली असेल, आणि दोघांची घड्याळं एकमेकांना जोडलेली नसतील, तर ती हळूहळू फाकतात. दोन घड्याळांत दहा लाखात पन्नास इतकाच फरक धरला, तर चार मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात. गाण्यापुरतं एक वेळ चालेल. पण दीड तासाच्या कार्यक्रमात तोच फरक २७० मिलिसेकंदांवर जातो. आणि अंतर वाढतंय ते थोडंथोडकं नाही, किकचा सूरही बदललेला ऐकू येतोय, गाणं वर चढलंय, असं असेल तर ४४,१०० ची फाइल ४८,००० च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता वाजते आहे. सुमारे दीड अर्धस्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून हार्मोनियमच्या दीड पट्ट्या वर. हे सगळ्यात सोपं, कारण गायकाचा आवाज ऐकला की लगेच कळतं.

टेम्पो ९३ केला, एकोणीस तुकडे फेकून दिले, मूळ मिडी परत टाकली. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्हीकडे जुळली. मी खूश. मग दोन्ही किक एकत्र वाजवल्या आणि बास गायब!

असं कसं? दोन किक वाजवल्यावर बास वाढायला हवा. एकटी जुनी किक लावली तर होता तेवढा तरी बास ऐकू येत होता. नवी जोडली की पोट आत गेल्यासारखं व्हायचं. कानाला दोन ठोके वेगळे ऐकू येत नव्हते, म्हणून मला वाटत होतं की वेळ बरोबर आहे. इथेच बहुतेक लोक फसतात. दोन ठोके सुटे ऐकू यायला साधारण वीस-तीस मिलिसेकंदांचं अंतर लागतं. आवाज बिघडायला त्याच्या दहाव्या भागाइतकंही पुरतं.

खूप झूम केल्यावर दिसलं की नवी किक प्रत्येक ठिकाणी ७ मिलिसेकंद उशिरा येते. सगळीकडे तेवढीच, म्हणजे हा यादीतला पहिला रोग. आता किकचा बास साधारण ६० हर्ट्झचा धरा. याचा अर्थ ड्रमचं चामडं सेकंदाला साठ वेळा पुढे-मागे होतं, आणि एका पूर्ण हेलकाव्याला १६.७ मिलिसेकंद लागतात. अर्धा हेलकावा ८.३ चा. नवी किक ७ मिलिसेकंद उशिरा म्हणजे जवळजवळ अर्धा हेलकावा उशिरा. एक किक स्पीकरचा पडदा पुढे ढकलतेय तेव्हा दुसरी त्याला मागे खेचतेय. झोपाळा पुढे जात असताना कोणी समोरून धक्का द्यावा तसं. दोघी सारख्याच जोरात असतील, तर ६० हर्ट्झला मिळून जो आवाज येतो तो एकट्या किकच्या निम्म्यावर येतो. बास वाढवायला आणलेली किक असलेला बासही खाऊन टाकते, ती अशी.

हे ७ मिलिसेकंद आले कुठून? किकच्या सॅम्पलची फाइल उघडून बघितली, तर आवाज सुरू होण्याआधी २४० आकडे शुद्ध शांतता. ४८,००० च्या हिशेबात बरोबर ५ मिलिसेकंद. फाइल कापणाऱ्यानं थोडी जागा सोडून कापली होती. उरलेले २ मिलिसेकंद ठोका ओळखण्यातल्या उशिराचे होते, त्याकडे येतोच. (सॅम्पल हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे तयार किकचा आवाज, दुसरा म्हणजे ऑडिओतला एकेक आकडा. दोन्ही एकाच वाक्यात आले की डोकं फिरतं, म्हणून दुसऱ्याला मी आकडाच म्हणतोय.)

सारखंच अंतर असेल तर औषध सोपं आहे: पूर्ण ट्रॅकला तेवढा उलटा डिले द्यायचा, म्हणजे तो तेवढाच आधी वाजवायचा. तो मिलिसेकंदांत किंवा आकड्यांत द्यावा, मात्रेच्या भागांत देऊ नये, कारण टेम्पो बदलला की मात्रेचा भागही बदलतो. पण डिले देण्याआधी एक बटण दाबून बघा, शून्यावर तिरकी रेघ मारलेलं. ते लहर उलटी करतं. मूळ किकची लहर आधी खाली जात असेल आणि नवीची आधी वर, तर वेळ कितीही अचूक असू दे, दोघी एकमेकींना खाणारच. बटण दाबून बास वाढला का कमी झाला हे कानानं ठरवायचं. मला वाटतं, 'मिडी वेळेत नाही' अशा ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच या एका बटणाच्या असतात. लोक तासभर सरकवत बसतात.

सारखं अंतर पडण्याची आणखीही ठिकाणं आहेत. प्लगइनला, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला, काम करायला वेळ लागतो. तो किती लागतो हे ते सॉफ्टवेअरला सांगतं आणि सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढे थांबवून घेतं. पण ठोका ओळखणाऱ्या प्लगइनमधून निघालेली मिडी तुम्ही चालू गाण्यात दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलीत, तर ही भरपाई नेहमी मिळतेच असं नाही. म्हणून मिडी काढायची ती चालू गाण्यात पकडू नये. पूर्ण ट्रॅक निवडून सॉफ्टवेअरला एकगठ्ठा वाचायला लावावा, क्यूबेसचे हिटपॉइंट किंवा लॉजिकचं ड्रम बदलण्याचं काम करतं तसं. पुढचं काय आहे ते आधीच दिसत असल्यामुळे उशीर होण्याचा प्रश्नच येत नाही.

मग हवा. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या एका टोकाला उभं राहून वीस मीटरवरच्या ढोलाकडे बघा: टिपरू आधी पडतं, आवाज नंतर येतो, जेमतेम ५८ मिलिसेकंदांनी, पण डोळ्याला ते खुपतं. ड्रम किटवर वरून टांगलेले ओव्हरहेड माइक स्नेअरपासून (काठीनं वाजणाऱ्या करकरीत ड्रमपासून) सव्वा मीटरवर असतील, तर स्नेअरचा ठोका तिथे जवळच्या माइकपेक्षा साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा उशीर खरा आहे, तो असायलाच हवा. मिडी बसवायची ती ड्रमजवळच्या माइकवर. पडद्यावर ओव्हरहेडची लहर मोठी आणि देखणी दिसते म्हणून तिच्यावर बसवली की तो उशीर तुम्ही नव्या किकला चिकटवता. आणि तयार ड्रम-आवाजांच्या लायब्ररीत त्यांच्या त्यांच्या खोलीचे माइक असतात, ते शक्यतो बंदच ठेवा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक खोली आधीच आहे.

आता तिसरा रोग, सगळ्यात चिवट. ठोके कधी अर्धा मिलिसेकंद पुढे, कधी दोन मागे, काही तर भलतीकडेच. इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण चूक कुठे होते ते एकाच ठोक्यात दिसतं.

कॉम्प्युटरला ठोका ओळखायला लावायची साधी पद्धत म्हणजे एक उंबरठा आखून द्यायचा. आवाज त्याच्या वर गेला की 'ठोका पडला' म्हणायचं. समजा उंबरठा २० वर आखलाय. ड्रमरनं जोरात किक मारली, लहर ३ मिलिसेकंदांत शून्यापासून ८० पर्यंत चढली. वाटेत तिनं २० ओलांडलं ते पाऊण मिलिसेकंदाला. मग त्यानं एक हलकी किक मारली. तीही तेवढ्याच वेळात चढते, पण जेमतेम २५ पर्यंत, त्यामुळे तिला २० ओलांडायला २.४ मिलिसेकंद लागले. दोन्ही ठोके ड्रमरनं अगदी वेळेवर मारलेत. कॉम्प्युटरच्या नोंदीत मात्र हलका ठोका दीड मिलिसेकंदाहून जास्त उशिरा. म्हणजे जितकं हळू वाजवाल तितकं मागे. ज्या ड्रमरची सगळी गंमत हलक्या, मधल्या मधल्या ठोक्यांत असते, त्याचंच सगळ्यात जास्त नुकसान. आणि उंबरठ्याखालचे ठोके तर नोंदलेच जात नाहीत.

चांगली साधनं उंबरठा ओलांडल्यावर मागे वळून बघतात आणि लहर जिथून चढायला लागली तिथे नोट ठेवतात. तुमचं साधन ते करतं का, हे कळायला जाहिरात वाचायची गरज नाही. एक जोरदार आणि एक हलका ठोका शेजारी घेऊन झूम करा, नोट कुठे पडलीय ते दिसतं.

उंबरठा खाली आणला तर हलके ठोके सापडतात, पण स्नेअरच्या माइकमध्ये शेजारच्या हाय-हॅटचा (झांजांच्या जोडीचा) आवाजही शिरलेला असतो. मग हाय-हॅट वाजली की नवा स्नेअर वाजतो. ओळखणाऱ्यापुरती ट्रॅकची एक कॉपी करून तिच्यात किकसाठी वरचे सूर आणि स्नेअरसाठी अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कापून टाकले की बराच गोंधळ मिटतो. कॉपी ऐकायला भिकार लागली तरी चालेल, ती फक्त कॉम्प्युटरनं ऐकायची आहे. रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे ड्रमच्या कडेला एक छोटा पिझो (कंपन पकडणारी चकती) चिकटवून त्याचा वेगळा ट्रॅक घ्यायचा. हवेतला आवाज त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही, फक्त त्या ड्रमचा धक्का कळतो. ऐकायला टकटक, बघायला स्वच्छ टोकदार सुया. काही रुपयांची चकती असते, आणि मिक्सिंगचे कित्येक तास वाचवते.

ओळखणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागते: एक ठोका ओळखल्यावर किती वेळ डोळे मिटून बसायचं. नाही तर एकाच टॉम ड्रमच्या घुमण्यातून तीन ठोके निघतात. हा वेळ ४०-५० मिलिसेकंद ठेवतात, आणि साध्या तालाला तो चालतो. पण १२० च्या टेम्पोत मात्रेचे आठ भाग केले की दोन ठोक्यांत साडेबासष्ट मिलिसेकंद उरतात, आणि डबल किकवाल्या मेटल गाण्यांत तर २०० च्या टेम्पोला चार भागांतच ७५ होतात. मिटलेले डोळे उघडेपर्यंत पुढचा ठोका जवळ आलेला असतो. ताशाची तर्री रेकॉर्ड करून कोणी त्यावर हे साधन चालवून बघावं. निम्म्या काड्या गायब होतील.

मिडीच्या स्वतःच्या खाचाही असतात. ती मात्रेचे ठरावीक भाग करते आणि नोट त्यातल्या एखाद्याच भागावर बसू शकते. ९६० भाग असतील तर ९३ च्या टेम्पोत एक भाग ०.६७ मिलिसेकंदांचा, म्हणजे चूक फार तर त्याच्या निम्मी. चिंता नको. जुन्या हार्डवेअर सिक्वेन्सरमध्ये, उदाहरणार्थ अकाईच्या एमपीसी ६० मध्ये, ९६ च भाग असत. तिथे तोच एक भाग पावणेसात मिलिसेकंदांचा होतो. आणि मिडी पाच पिनांच्या जुन्या केबलमधून येत असेल तर आणखी गंमत: १९८३ मध्ये ठरलेला तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स आहे. एका नोटेला जवळपास एक मिलिसेकंद लागतो आणि नोटा रांगेनं जातात. किक, क्रॅश झांज आणि हाय-हॅट एकदम वाजवले तरी केबलमधून ते एकामागोमाग एक बाहेर पडतात. कॉम्प्युटरच्या आतल्या आत चालणाऱ्या मिडीला ही रांग लागत नाही.

आतल्या आत एक वेगळाच घोळ असतो. कॉम्प्युटर ऑडिओ थोडा थोडा करून घासाघासानं वाजवतो, त्या घासाला बफर म्हणतात. नीट लिहिलेलं ड्रम प्लगइन नोट घासात नेमकी कुठे आहे ते बघून तिथेच वाजवतं. गलथानपणे लिहिलेलं प्लगइन घासातल्या सगळ्या नोटा त्याच्या सुरुवातीलाच वाजवून मोकळं होतं. बफर १,०२४ आकड्यांचा असेल तर ४८,००० ला तो २१ मिलिसेकंदांचा होतो, आणि ठोके तेवढ्या पट्ट्यात वाट्टेल तसे विखुरतात. शंका असेल तर तेच गाणं बफर ६४ आणि १,०२४ ठेवून दोनदा ऑडिओत उतरवा आणि दोन्ही एकाखाली एक लावा. जुळले नाहीत तर प्लगइन बदला, त्याच्याशी वाद घालू नका.

इथे कोणीतरी म्हणतंच: एवढं कशाला, मिडी ग्रिडवर क्वांटाइझ करा, म्हणजे मात्रांच्या आखलेल्या रेघांवर ओढून बसवा, सगळं सरळ होईल. मिडी सरळ होईल, ड्रमर नाही. त्यानं मारलेली खरी किक ओव्हरहेडमध्ये आहे, स्नेअरच्या माइकमध्ये आहे, गिटारवाल्याच्या माइकमध्येही थोडी आहे. ती कुठल्याही बटणानं हलत नाही. तुम्ही फक्त नवी किक खऱ्या किकपासून दूर नेता. ड्रमर ग्रिडच्या मागे वाजवत असेल तर मिडीही तेवढीच मागे असायला हवी. ताल खरंच सुधारायचा असेल तर मिडी काढण्याआधी सगळे ड्रम माइक एकत्र गटात बांधून, सगळे एकाच जागी कापून, ऑडिओच सरळ करायचा. टेम्पोची रेघ ड्रमरच्या मागे वळवायची असेल तर तीही आधी वळवून घ्यायची. मिडी काढणं हे शेवटचं काम. क्रम उलटा झाला की प्रत्येक दुरुस्तीनंतर मिडी पुन्हा काढावी लागते, आणि दोनदा काढल्यावर तिसऱ्यांदा माणूस 'चालतंय' म्हणून सोडून देतो.

आणि एक विचारायला हवं: मिडी खरंच हवी का? फक्त किक-स्नेअरला जाड करायचं असेल तर ऑडिओ ऐकून थेट सॅम्पल वाजवणारी ट्रिगर प्लगइनं आहेत, त्यात टेम्पोचा संबंधच येत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रण अभियंता रॉजर निकोल्सनं स्टीली डॅन या बँडसाठी 'वेंडेल' नावाचं ड्रम सॅम्पल वाजवणारं यंत्र बनवलं, तेव्हा मिडीचा जन्मही झालेला नव्हता. पण किट पुन्हा पुन्हा बदलून बघायचं असेल, किंवा हुकलेले ठोके हातानं भरायचे असतील, तर मिडीला पर्याय नाही. मला हाताने भरायला आवडतं, म्हणून मी मिडी काढतो.

सगळं जुळल्यावर मात्र ती मिडी म्हणून ठेवत नाही. नव्या किकचा ट्रॅक ऑडिओत उतरवून घेतो, मूळ किकच्या खाली लावतो आणि मिडीचा ट्रॅक बंद करून झाकून ठेवतो. आता दोन्ही घड्याळावर चालतात. एखादा ठोका तरीही अर्धा मिलिसेकंद इकडेतिकडे असेल तर कापून सरकवता येतो, आणि सहा महिन्यांनी तेच प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तरी किक जागेवर असते.

मित्राच्या गाण्यात ७ मिलिसेकंदांचा उलटा डिले दिला आणि किक खोक्यातून बाहेर आली. स्नेअरची मिडी मग मी स्वतःच काढली, उंबरठा, गाळणी, सगळं सांभाळून. फक्त दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी एक स्नेअर काही केल्या बसेना. नवा आवाज जवळजवळ ३० मिलिसेकंद आधी यायचा. शेजारचे सगळे ठोके अचूक, हा एकच आगाऊ. अर्धा तास त्याच्यावर घालवल्यावर ओव्हरहेड एकटे लावून ऐकले. तिथे ड्रमरनं दोन्ही काठ्या मुद्दाम पुढेमागे मारल्या होत्या, पहिली हलकी, दुसरी जोरात. फ्लॅम होता तो. कॉम्प्युटरनं हलकी काठी ओळखली, डोळे मिटले, आणि खरा ठोका त्याच्या झोपेत निघून गेला. पहिल्या नोटेचा जोर कमी केला, ३० मिलिसेकंद पुढे दुसरी नोट हातानं ठेवली, आणि तो ट्रॅकही ऑडिओत उतरवला.